नुसतं श्री काढलेला बोर्ड

चाचा,

तुम्हाला कॉम्प्युटर कधी आवडला नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स छापायचं मशीन आलं तेव्हा तुम्ही आत डोकावून म्हणाला होता, "इसमें हाथ किधर है?" आणि त्यानंतर तुम्ही तिकडून जायचंच बंद केलंत, मशिदीत जायलासुद्धा मागचा रस्ता धरायला लागलात. म्हणून आधीच सांगून टाकतो की मी आता कॉम्प्युटरवर पट्ट्या काढायचं काम करतो. साक्रीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला एका नदीवर पूल चाललाय, त्याच्या साइट ऑफिसात. ऑफिस म्हणजे पत्र्याचा डबा, उन्हाळ्यात आत पापड भाजून निघेल असा. इथं कसा आलो ते विचारू नका. तुमचं बोर्ड रंगवायचं दुकान सुटल्यावर मी केळीच्या ट्रकवर होतो, मग भडगावला एका मित्राच्या मोबाईलच्या दुकानात, मग धुळ्याच्या बाहेर हायवेला एका ढाब्यावर. ढाब्यावर मी मेनूचा बोर्ड लिहिला होता. शेवभाजीच्या 'शे'ला मी तुमची ती लांब शेपटी दिली होती, पतंगाच्या दोरासारखी. जेवायला आलेल्या एका इंजिनिअर साहेबांनी ती बघितली आणि विचारलं, अक्षर कोणाचं. माझं म्हटलं. म्हणाले, चल, साइटवर बोर्ड लिहायला माणूस पाहिजे. बोर्ड लवकरच लिहून संपले आणि मी तिथंच राहिलो. साहेबांनी मला माऊस धरायला शिकवला. ते मला आर्टिस्ट म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण मला बरं वाटतं.

काम काय आहे ते सांगतो, कारण तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतंत की यात तू नेमकं करतोस काय. एक मोठा तक्ता असतो. डावीकडं कामांची नावं एकाखाली एक: पाया, खांब, स्लॅब, दोन्ही बाजूंचा रस्ता. वर आडवे महिने. प्रत्येक कामासमोर एक निळी आडवी पट्टी, काम जिथं सुरू व्हायचं तिथून जिथं संपायचं तिथपर्यंत. जेवढं काम झालं तेवढी पट्टी डावीकडून हिरवी करायची. बस. एखादं काम मागं पडलं की मी त्याची तारीख बदलतो आणि पट्टी उजवीकडं सरकते, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या खालच्या सगळ्या पट्ट्या तिच्या मागं मागं सरकतात, आपोआप, आईमागं कोंबडीची पिल्लं जावीत तशा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. मग लक्षात आलं की सरकल्यावर मागं काहीच उरत नाही. ती पट्टी आधी कुठं होती, काम कधी व्हायला पाहिजे होतं, याची खूणही नाही. जो कोणी तक्ता बघेल त्याला वाटणार, सगळं ठरल्यासारखंच चाललंय. आपण भिंतीवरचं नाव खोडून वर नवीन रंग मारायचो तेव्हा जुन्या अक्षराचा उंचवटा हाताला लागायचाच, आठवतं? तुम्ही डोळे मिटून बोटानं वाचून दाखवायचात, खाली कुणाचं दुकान होतं ते. इथं हाताला काही लागत नाही.

यूट्यूबवर एका पोराचा व्हिडिओ बघून मी एक गोष्ट शिकलो. मूळची पट्टी पुसू द्यायची नाही. तिला बारीक करून राखाडी रंगात खाली तशीच ठेवायची आणि वर खरी पट्टी जिथं असेल तिथं जाऊ द्यायची. मग दोन्हींच्या मधलं जे अंतर दिसतं, तो उशीर. मी एक दिवस सगळा तक्ता तसा केला आणि छापून साहेबांसमोर ठेवला. मला वाटलं शाबासकी मिळेल. साहेबांनी चष्मा वर केला.

"हे खाली राखाडी काय आहे रे?"

"मूळचं आहे साहेब. आधी जे ठरलं होतं ते."

"मूळचं कोणी मागितलं?"

"उशीर दिसतो त्यानं."

"तेच म्हणतोय ना मी," साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते थकले होते. लोखंड वेळेवर आलं नव्हतं, सेंट्रिंगची टोळी लग्नसराईला गावाकडं गेली ती परतलीच नव्हती, आणि ठेकेदार रोज फोनवर त्यांची आई-बहीण काढत होता. म्हणाले, "आर्टिस्ट, मी पण नोकरच आहे. ते राखाडी काढ. आणि सगळ्या कामांना थोडं थोडं हिरवं दे. स्लॅबला पण."

"स्लॅब तर सुरूच नाही साहेब."

"दोन गाड्या खडी पडलीय ना तिथं? झालं की मग सुरू."

आणि चाचा, मी स्लॅबच्या पट्टीला डावीकडं नखाएवढं हिरवं दिलं आणि मला एकदम आपलं दुकान दिसायला लागलं. मी दारातून आत येतोय, सकाळची वेळ आहे, टर्पेंटाइनचा वास, आणि चारी भिंतींना टेकवून ठेवलेल्या पत्र्यांवर नुसतं 'श्री'. लाल 'श्री', निळं 'श्री', पिवळ्यावर काळ्या सावलीचं 'श्री'. पुढं काही नाही. सबंध जळगावात तुमच्यासारखं 'श्री' काढणारा दुसरा माणूस नव्हता आणि सबंध जळगावात तुमच्याइतका उशीर करणाराही नव्हता. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर तुम्ही पहिलं अक्षर काढायचात, अगदी मन लावून, त्याला चहा पाजत. एकदा अक्षर निघालं की तो दुसरीकडं जाणार कुठं. मग महिनाभर तो आला की तुम्ही पत्रा पुढं करायचात, "ये देखो, काम चालू है." पुढं पुढं तर तुम्ही 'श्री' आधीच काढून ठेवायला लागलात, कारण दहातल्या आठ दुकानांची नावं तिथूनच सुरू व्हायची. मग एक दिवस तो पिठाच्या गिरणीवाला आणि मिठाईवाला एकाच वेळी आले आणि दोघांनी एकाच पत्र्याला हात घातला. गिरणीवाला म्हणाला, हा माझा. मिठाईवाला म्हणाला, अहो, परवाच मला दाखवलाय यांनी. दोघं तुमच्याकडं बघतायत. तुम्ही ब्रश कानावर खोचला आणि अगदी शांतपणे म्हणालात, "लडते क्यों हो, श्री तो सबका है." मी आतल्या खोलीत जाऊन तोंड दाबून हसलो होतो. ते दोघंही हसले. पत्रा कोणालाच मिळाला नाही.

मी भरकटलो. तुम्ही म्हणायचातच, तू चहा आणायला जातोस आणि वरात बघून येतोस. मुद्द्यावर येतो.

आमच्या साहेबांकडं वरून एक मोठे साहेब पाहणीला आले होते. त्यांनी सांगितलं, तक्ता गावकऱ्यांना दिसेल असा बाहेर लावा. म्हणून मी तो राखाडी काढून टाकलेला, सगळीकडं हिरवं दिलेला तक्ता मोठा छापून, लॅमिनेट करून ऑफिसच्या बाहेरच्या पत्र्यावर लावला, आणि तारखा सरकल्या की नवीन छापून तिथंच लावायचो. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू. नदीपलीकडचे लोक बाजाराला जाता-येता थांबून बघायचे. त्यांच्यात एक आबा होते. पलीकडच्या पाड्यात थोडी पावसाच्या भरवशाची जमीन, शेळ्या, आणि एक मुलगी, जी दहावीला बसली होती. दहावीपर्यंतची शाळा त्यांच्या बाजूलाच आहे. पुढचं कॉलेज इकडच्या बाजूला, तालुक्याला. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येते. पावसात येत नाही, मग घाटातून सगळा वळसा, आणि त्या रस्त्याला गाडीही नाही. म्हणजे मुलीला शिकायचं तर दोनच वाटा: पूल झाला तर रोज जाऊन-येऊन, नाहीतर तालुक्याच्या मुलींच्या हॉस्टेलात. मुलीची आई सारखी आजारी असते. आबांना पोरगी रात्री घरात पाहिजे होती. त्यांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवून मला विचारलं होतं, ही शेवटची पट्टी कुठं संपते. मी सांगितलं, मेअखेर. हिरवं खोटं होतं हे मला माहीत होतं, पण मी नवीन होतो, शेवटची तारीख मलाही खरी वाटत होती. आबा मान हलवत गेले आणि पुढच्या बाजाराला त्यांनी मुलीसाठी एक जुनी सायकल आणली. डोक्यावर घेऊन नदी ओलांडली त्यांनी. मी बघत होतो.

मुलगी पास झाली. चांगली पास झाली. निकालानंतर ती एकटीच आली, तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग दारात येऊन म्हणाली, "दादा, या पट्ट्या सरकतात का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मी परीक्षेच्या आधी बघितलं तेव्हा स्लॅब इथं होता," तिनं बोट ठेवलं, "आता इथं आहे. आणि हिरवं तेवढंच आहे."

तिच्याएवढं बारकाईनं तो तक्ता वरच्या साहेबांनीसुद्धा बघितला नव्हता. मी आत बघितलं, साहेब नव्हते. मी तिला सांगितलं की तक्त्यावर काहीही असो, पावसाच्या आधी पूल होणार नाही. पाणी आलं की नदीतलं काम बंद, ते दिवाळीच्या सुमाराला परत सुरू होणार. ती म्हणाली, "हे तुम्ही माझ्या आबांना सांगाल? हॉस्टेलच्या जागा भरत आल्यात. मी सांगितलं तर त्यांना वाटतं मला घर सोडून जायचंय."

मी दुसऱ्याच दिवशी पलीकडं गेलो. आबा शेळ्यांना पाला टाकत होते. मला खाटेवर बसवलं, कोरा चहा दिला. मी सांगितलं, आबा, पूल यंदा होत नाही, तुम्ही पोरीला हॉस्टेलात घाला. त्यांनी ऐकून घेतलं. मग हसले.

"भाऊ, तू कालना पोरगा. तठे कागदवर लिखेल शे. बठ्ठा हिरवा शे ना तो?"

"आबा, तो सगळा हिरवा कागद मीच बनवलाय."

"तू बनाडा, पन सांगनारा ते साहेब शे ना," आबा म्हणाले. "साहेब कसाले खोटं लिखी? ती रोज जाई, रोज येई. सायकल शे. हॉस्टेल कसाले?"

दारात ती उभी होती. आतून तिच्या आईचा खोकला ऐकू येत होता. मी आणखी दोनदा तेच सांगितलं, वेगवेगळ्या शब्दांत. माणूस जितका समजावतो तितका खोटा दिसायला लागतो, हे मला तेव्हा कळलं. आबांनी शेवटी मलाच समजावलं, की साहेबांशी काही भांडण झालं असेल तर मनात ठेवू नको, नोकरी सांभाळ.

परत येताना नदीच्या मधोमध, वाळूत, तुम्ही मला रागावला होतात तो दिवस आठवला. तुम्ही नमाजाला गेला होता आणि एक सलूनवाला आला होता, दुकान उघडायचा मुहूर्त तोंडावर आलेला. मी त्याला सांगून टाकलं की तुमचा बोर्ड अजून हातातच घेतला नाही. त्याचा चेहरा पडला आणि तो निघून गेला. तुम्ही आल्यावर ऐकलंत आणि डबीतला रंग ढवळत राहिलात. मग म्हणालात, "सच बोलके तूने उसको दिया क्या? त्याच्याजवळ उद्या होता. तो पण घेतला तू." मी तेव्हा उलट बोललो होतो, खरं ते खरं. आता मी आबांना खरं सांगितलं होतं आणि त्यांच्याकडचा उद्या तसाच शाबूत होता. माझं खरं कोणी घेतलंच नव्हतं, ते माझ्याकडंच परत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साहेब जेवायला गेले असताना, मी पिशवीतून तुम्ही दिलेला ब्रश काढला. तो खारीच्या केसांचा, ज्याला तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत आणि जो मी दुकान सोडताना तुम्ही न बोलता माझ्या खिशात घातलात. मी तो सगळीकडं नेलाय, केळीच्या ट्रकवरसुद्धा. एका डबीत पांढरा आणि काळा मिसळून राखाडी केला आणि लॅमिनेशनवर, स्लॅबच्या पट्टीखाली, जिथं ती मुळात असायला पाहिजे होती तिथं, एक रेघ ओढली. मग वरच्या खऱ्या जागेला, पार दिवाळीच्या पुढं, दुसरी. प्लॅस्टिकवर रंग नीट बसत नव्हता, कडेला जमत होता. तुम्ही म्हणाला असता, पुसून टाक, परत मार. पण रेघा दिसत होत्या. त्या दिवशी बाजार होता. आबा आले, थांबले, वाकून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

"हाई रंग कोनी लायी दिधा? पोरेस्नं काम दिखस." आणि खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसायला लागले. ओला होता अजून. उरलेलं संध्याकाळी साहेबांनी थिनरनं पुसलं. पुसून झाल्यावर म्हणाले, "ब्रश चांगला आहे रे तुझ्याकडं."

छापलेलं खरं आणि हातानं काढलेलं पोरखेळ. हे मी तुम्हाला सांगतोय. तुम्ही फ्लेक्सच्या दुकानाचा रस्ता का टाळायचात, ते मला त्या दिवशी समजलं.

त्यानंतर मी साहेबांना म्हटलं, तुम्हीच एकदा आबांना सांगा. साहेब म्हणाले, मी तोंडानं सांगितलं तर उद्या सगळं गाव येईल आणि तक्ता खोटा का लावला म्हणून विचारेल, काय उत्तर देऊ? मी हॉस्टेलातही जाऊन आलो, मोटारसायकल मागून घेऊन. तिथल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, जागा आहेत थोड्या, पण वडील आले पाहिजेत, सही त्यांची लागते, तुम्ही कोण? मी तक्ता बनवणारा.

तुमचा एकच बोर्ड वेळेवर झालेला मला माहीत आहे. वेळेच्या आधीच झालेला. तुमच्या मोहल्ल्यातली ती मुलींची शाळा, पत्र्याच्या दोन खोल्यांची. त्यांची माणसं आली तेव्हा तुम्ही पहिलं अक्षर काढून दाखवलं नाहीत, चहा सांगितला नाहीत, नुसतं नाव लिहून घेतलंत आणि बसलात ते पुरा बोर्ड करूनच उठलात. मी म्हटलं, चाचा, हे काय नवीन? बाकीचे बोंबलतायत. तुम्ही ब्रश धूत म्हणालात, "दुकानदार रुकता है बेटा. जून नहीं रुकता." मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो. मला वाटतं मी वरात बघत होतो.

जून थांबला नाही. पाऊस आला, नदी भरली, मशीनं वर ओढून घेतली, टोळ्या गेल्या. खांब पाण्यात नुसते उभे. मला साहेबांनी सामान राखायला ठेवलं. पलीकडच्या काठावर कधीकधी आबा दिसायचे, डोक्यावर घोंगडी, खांबांकडं बघत उभे. आवाज ऐकू जाण्यासारखा नव्हता. ते हात वर करायचे, मी हात वर करायचो. एकदा ती दिसली, सायकल घेऊन काठापर्यंत आलेली. थोडा वेळ थांबली आणि सायकल फिरवून परत गेली. मग सायकल दिसली नाही. नंतर कळलं, तिच्यावर प्लॅस्टिक बांधून ठेवलं होतं, गंजू नये म्हणून. हॉस्टेल भरलं. कॉलेज सुरू झालं.

आता दसरा होऊन गेलाय. पाणी उतरलंय, काम परत लागलंय. खांबांच्या माथ्यावर नवीन काँक्रीट पडलं की त्याच्यावर गोणपाट टाकून ते दिवसभर ओलं ठेवावं लागतं. त्या कामाला आबांच्या घरून आई यायची होती, तिला जमत नाही, म्हणून मुलगी येते. हंडा घेऊन शिडी चढते. साहेबांनी आधी नको म्हटलं, लहान आहे म्हणून, आबांनी हात जोडले. आबा माझ्याशी अजूनही बोलतात. त्यांनी कधी म्हटलं नाही की तू सांगितलं होतंस. म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. परवा मी तक्ता नवीन छापून लावत होतो. ती खाली उतरून पाणी प्यायला आली, तक्त्याकडं बघितलं आणि म्हणाली, "परत सरकली." नुसतं एवढंच. मी चिकटपट्टी लावत राहिलो.

मग तिनं विचारलं, "पुढच्या जूनपर्यंत होईल ना दादा?"

चाचा, मला माहीत आहे लोखंड परत अडकलंय. मला माहीत आहे की साहेबांची बदली होणार आहे आणि नवीन कोण येईल ते ठेकेदारालाही ठाऊक नाही. ती हंडा कमरेवर घेऊन उभी होती. मी म्हटलं, होईल. तिनं मान हलवली आणि शिडी चढून गेली.

तुमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, त्यामुळं हे पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. ब्रशबरोबर पिशवीत राहील. आणि सगळ्यात वर जे 'चाचा' लिहिलंय ते फिकट दिसत असेल, तो पेन वेगळा आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी ट्रकवर होतो, जनाज्याला यायला जमलं नाही, त्या दिवशी याच कागदावर तेवढं लिहून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर सुरू आहे म्हणता यावं म्हणून. कुणी विचारलं नाही.